फ्लू, कोविड आणि रक्ताच्या गुठळ्या : वॉर्डात विचारायचा राहून गेलेला प्रश्न

रानवारा

नमस्कार. हा धागा काढायचं पाच आठवडे मनात होतं. लिहायला बसलं की हात थांबायचा.

बाबा ७१ वर्षांचे. इन्फ्लूएन्झाचा न्यूमोनिया झाला म्हणून ॲडमिट केलं. पहिले चार दिवस आयसीयूत, हाय-फ्लो ऑक्सिजनवर. पुढचे सहा दिवस वॉर्डात. ऑक्सिजन हळूहळू कमी करत आणला आणि शेवटी काढला. सॅच्युरेशन ९६. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. आम्हाला वाटलं, सुटलो.

घरी आल्यावर पाचव्या दिवशी संध्याकाळी मी त्यांचे मोजे काढत होते. उजव्या पायावर इलॅस्टिकची नुसती पुसट रेघ होती. डाव्या पायावर खोल खाच, बोट फिरवलं तर अडकेल अशी. पोटरीची कातडी ताणून चकचकीत झालेली, आणि हाताला दुसऱ्या पायापेक्षा गरम लागली. बाबा म्हणाले, "झोपून झोपून आखडलाय गं, जरा चोळून दे." मी चोळायला घेतलाही होता पाय. पण दोन्ही पाय शेजारी शेजारी बघितल्यावर काहीतरी खटकलं आणि हात काढून घेतला. सकाळी दाखवू म्हटलं. ती रात्र घालवायला नको होती, हे आता कळतंय.

रात्री बाथरूमला उठले आणि परत येताना दाराची चौकट धरून उभेच राहिले. बोलता येईना इतकी धाप. सॅच्युरेशन ८८. तसंच उचलून नेलं. डॉपलरमध्ये (शिरांच्या सोनोग्राफीत) डाव्या मांडीतल्या मोठ्या शिरेत गुठळी, सीटी अँजिओग्राफीत दोन्ही फुफ्फुसांत गुठळ्या.

बाबा वाचले. आता घरी आहेत, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत.

नंतर मी पहिल्या मुक्कामाचे सगळे कागद मागून घेतले. आयसीयूच्या औषधांच्या तक्त्यात 'एनॉक्झापॅरिन ४०' (गुठळी होऊ नये म्हणून द्यायचं इंजेक्शन) अशी ओळ आहे, तिच्यापुढे चार दिवसांच्या चार चौकटी आणि चारही चौकटींत सिस्टरांच्या सह्या. वॉर्डाचा तक्ता नवीन कागदावर सुरू होतो. त्यावर ती ओळच नाही. मुद्दाम बंद केलं म्हणावं तर तसा शेराही कुठे नाही. एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरवायचं राहून गेलं, इतकंच. त्या सहा दिवसांत आम्ही रोज ताप विचारला, सॅच्युरेशन विचारलं, एक्स-रे विचारला. गुठळी हा शब्द आमच्या डोक्यातही नव्हता.

रुग्णालयाचं नाव लिहिणार नाही, कृपया विचारू नका. त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोलणं चालू आहे. पण तुमचं माणूस श्वसनाच्या संसर्गाने ॲडमिट असेल, तर रोजच्या राउंडला एक प्रश्न विचारा: "गुठळी होऊ नये म्हणून यांना काय चालू आहे? काही नसेल तर का नाही?" आणि आयसीयूतून वॉर्डात हलवलं की त्याच दिवशी पुन्हा विचारा.

---

उत्सुक_वाचक

वाचताना काटा आला. बाबांना लवकर बरं वाटो.

एक शंका. विषाणू फुफ्फुसात, मग गुठळी पायात कशी? आणि फ्लूमध्येही असं होतं? मला तर हे फक्त कोविडचं वाटत होतं.

---

पांढरा_कोट

रानवारा, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. मी फिजिशियन आहे. तुम्ही सांगितलेली चूक, म्हणजे बदलीच्या वेळी औषध गळणं, आम्हा लोकांना माहीत असलेली आहे, आणि म्हणूनच ती जास्त टोचते.

उत्सुक_वाचक, तुमचा प्रश्न मुळावर बोट ठेवणारा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जर्मन वैद्यक रुडॉल्फ व्हिर्को यांनी १८५६ साली शिरांमधल्या गुठळ्यांवर जे लिहिलं, त्यातून आजही आम्ही शिकवतो ती त्रिसूत्री आली: रक्ताचा वेग मंदावणं, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होणं, आणि रक्ताची गोठण्याकडे ओढ वाढणं. तिन्हींपैकी एक असेल तरी धोका वाढतो. न्यूमोनिया होऊन खाटेवर पडलेल्या माणसात तिन्ही एकदम असतात.

वेगाचं आधी. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढतं ते मुख्यतः पोटरीच्या स्नायूंच्या जोरावर. आपण चालतो तेव्हा ते स्नायू आवळतात आणि शिरेतलं रक्त वर ढकललं जातं, झडपा ते खाली येऊ देत नाहीत. माणूस आठ दिवस आडवा पडला की हा पंप बंद. झडपांच्या मागच्या खोबणींत रक्त रेंगाळतं, आणि पायातली गुठळी बहुतेकदा तिथेच धरायला लागते.

दुसरं, रक्ताची ओढ. शरीरात मोठा संसर्ग असला की प्रतिकारशक्तीच रक्त गोठवण्याची यंत्रणा चालू करते. हा काही बिघाड नव्हे. जंतूला जागच्या जागी कोंडून धरायची शरीराची ती जुनी युक्ती आहे. पांढऱ्या पेशी आपल्याच डीएनएच्या धाग्यांचं जाळं बाहेर टाकतात, त्यात जंतू अडकतात, पण त्याच जाळ्यावर प्लेटलेट्सही चिकटतात. यकृत फायब्रिनोजेन (रक्त गोठायला लागणारं प्रथिन) जास्त बनवू लागतं. हे रसायन फुफ्फुसापुरतं राहत नाही, रक्तासोबत सगळीकडे फिरतं. तुमच्या "पायात कशी?" या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

तिसरं, अस्तर. निरोगी अस्तर स्वतःच रक्त गोठू देत नाही. दाह झाला की तेच अस्तर गोठवणारे पदार्थ सोडायला लागतं. कोविडमध्ये हे फार तीव्र दिसलं. २०२० मध्ये मृत रुग्णांच्या फुफ्फुसांचा एक छोटा अभ्यास झाला, सात कोविडचे आणि सात इन्फ्लूएन्झाचे. फुफ्फुसाच्या केसासारख्या बारीक वाहिन्यांतल्या सूक्ष्म गुठळ्या कोविडमध्ये नऊपट आढळल्या. म्हणजे सगळ्या गुठळ्या पायातून वर जातात असंही नाही. काही फुफ्फुसातच, जागेवर तयार होतात. नऊपट हा आकडा तेव्हा फार गाजला, पण इन्फ्लूएन्झाच्या फुफ्फुसांतही गुठळ्या होत्याच, ही त्याची दुसरी बाजू मागे पडली.

रानवारांच्या बाबांचा हिशेबच मांडून बघू. साध्या वॉर्डातल्या रुग्णांसाठी पाडुआ गुणांकन नावाची पद्धत आहे. तीन दिवस किंवा जास्त अंथरुणाला खिळलेले : ३. वय ७० किंवा पुढे : १. तीव्र संसर्ग : १. श्वसन अपुरं पडणं : १. झाले ६. चार किंवा त्याहून जास्त म्हणजे जास्त धोका. कर्करोग किंवा पूर्वी कधी गुठळी झालेली असेल तर त्याचे प्रत्येकी ३ अजून वाढतात. एवढी बेरीज राउंडवर अर्ध्या मिनिटात होते.

---

गणिती

फ्लू विरुद्ध कोविड यावर आकडे आहेत, म्हणून लिहितो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये 'जामा' या नियतकालिकात अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला. रुग्णालयात दाखल झालेले कोविडचे सुमारे ८५ हजार आणि २०१८-१९ च्या हंगामातले इन्फ्लूएन्झाचे सुमारे ८ हजार रुग्ण. दाखल झाल्यापासून ९० दिवसांत शिरांमधली गुठळी (पाय, फुफ्फुस) किती जणांना झाली?

इन्फ्लूएन्झा : ५.३ टक्के.
कोविड, लस येण्याआधी : ९.५ टक्के.
कोविड, लस उपलब्ध झाल्यावर : १०.९ टक्के.

कोविडमध्ये जवळपास दुप्पट हे खरंच. पण फ्लूचे ५.३ म्हणजे साधारण १९ जणांत एक! हा आकडा मला तरी लहान वाटत नाही.

धमन्यांमधल्या गुठळ्यांचं (हृदयविकाराचा झटका, पक्षाघात) चित्र वेगळं निघालं. इन्फ्लूएन्झा १४.४ टक्के, कोविड १५.८ (लस येण्याआधी) आणि १६.३ टक्के (लस उपलब्ध झाल्यावर). फरक जवळजवळ नाहीच.

---

निरभ्र

तिसरा आकडा बघून गोंधळले. लस आल्यावर प्रमाण वाढलं, म्हणजे लसीमुळे वाढलं असा अर्थ कुणी काढेल. तो बरोबर आहे का?

---

गणिती

नाही, आणि विचारलंत ते बरं केलंत. "लस उपलब्ध झाल्यावर" हा काळ आहे. त्या गटातल्या सगळ्यांनी लस घेतली होती असं नाही. त्या काळात विषाणूचे प्रकार बदलले, उपचार बदलले, दाखल होणारे रुग्णही बदलले. तो अभ्यास लसीचा परिणाम मोजायला केलेलाच नव्हता. मी वरचा प्रतिसाद लिहितानाच हे स्पष्ट करायला हवं होतं.

---

सरळरेषा

मला कळत नाही, धोका इतका आहे तर प्रत्येक रुग्णाला रक्त पातळ करायचा पूर्ण डोस का देत नाहीत? रानवारांच्या बाबांना साधा ४० चा डोसही मिळाला नाही आणि आपण इथे आकडे मोजतोय. माझ्या काकूंच्या वेळीही असंच झालं होतं. सूर चढला असेल तर क्षमा करा, पण राग येतो.

---

पांढरा_कोट

राग रास्त आहे. पण 'पूर्ण डोस सगळ्यांना' हे करून पाहिलं गेलं आहे, आणि उत्तर कुणाच्या अपेक्षेसारखं आलं नाही.

२०२० च्या एप्रिलमध्ये नेदरलँड्समधल्या तीन रुग्णालयांनी आयसीयूतल्या १८४ कोविड रुग्णांची माहिती दिली. सगळ्यांना प्रतिबंधक डोस चालू होता, तरी ३१ टक्क्यांना गुठळीचा त्रास झाला. ते वाचून जगभर डॉक्टरांनी आपापल्या अंदाजाने डोस वाढवले. नंतर तीन मोठ्या चाचण्या एकत्र करून २०२१ मध्ये निकाल आला. आयसीयूतली मदत लागत नव्हती अशा, वॉर्डातल्या रुग्णांना हेपारिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या पूर्ण डोसाचा फायदा झाला. यंत्रांच्या आधाराशिवाय घरी जाणारे ७६.४ टक्क्यांवरून ८०.२ टक्क्यांवर गेले. आणि जे आधीच अत्यवस्थ होते, ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे असं आम्ही धरून चाललो होतो, त्यांना काहीच फायदा झाला नाही. दोन्ही गटांत मोठा रक्तस्राव मात्र वाढला.

मी त्या दिवसांत आयसीयूत काम करत होतो. पूर्ण डोस द्यावा असंच माझं मत होतं. ते चूक ठरलं.

हे निकालही कोविडचे. फ्लूच्या रुग्णाला ते तसेच्या तसे लावता येत नाहीत. फ्लू किंवा इतर न्यूमोनियात धोका जास्त असेल, तर प्रतिबंधक, म्हणजे छोटा डोस ही रुळलेली पद्धत आहे. तिच्यामागे जुना आणि भक्कम पुरावा आहे. १९९९ च्या एका चाचणीत अचानक आजारी पडून दाखल झालेल्यांना रोज ४० मिलिग्रॅम एनॉक्झापॅरिन दिल्यावर गुठळ्यांचं प्रमाण सुमारे १५ टक्क्यांवरून साडेपाचवर आलं. त्यातल्या बऱ्याच गुठळ्या लक्षणं न दिसणाऱ्या, तपासणीतच सापडलेल्या होत्या, हेही सांगायला हवं.

ज्याच्या पोटात व्रण वाहतोय, प्लेटलेट्स फार खाली आहेत किंवा नुकताच मेंदूत रक्तस्राव झालाय, त्याला हे इंजेक्शन देता येत नाही. मूत्रपिंडं अधू असतील तर डोस बदलतो. इंजेक्शन देताच येत नसेल तर पायांना हवेच्या दाबाच्या पट्ट्या लावतात. म्हणून रानवारांच्या प्रश्नातला "नसेल तर का नाही?" हा भाग मला फार मोलाचा वाटतो. कारण असेल तर डॉक्टर लगेच सांगतील. सांगता आलं नाही, तर बहुतेक ते लिहायचं राहून गेलेलं असेल.

---

शुश्रूषा

मी वॉर्डात सिस्टर आहे. आमच्या बाजूचं थोडं लिहिते.

डोस चुकण्याचं आणखी एक कारण म्हणजे पेशंट स्वतः नको म्हणतात. पोटावर रोज सुई, आणि तिथे निळे-काळे डाग उठतात. चौथ्या दिवशी पोट शाई सांडल्यासारखं दिसतं. नातेवाईकही म्हणतात, "आज राहू द्या, बरे दिसताहेत." कृपया असं म्हणू नका. डाग दहा-पंधरा दिवसांत जातात.

ते कमी उठावेत म्हणून आम्ही काय करतो: बेंबीपासून दोन इंच सोडून बाजूला कातडीची घडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत, औषध सावकाश सोडायचं, सुई बाहेर येईपर्यंत चिमूट सोडायची नाही. नंतर चोळायचं अजिबात नाही. रोज बाजू बदलायची. भरलेली सिरिंज येते तिच्यात हवेचा छोटा बुडबुडा असतो. पूर्ण डोस द्यायचा असेल तर तो काढायचा नसतो, तो औषधामागून जाऊन सगळा डोस आत पोचवतो. तो बघून घाबरून हाक मारणारे खूप जण असतात.

आणि पाय हलवा. उठता येत नसेल तर पडल्या पडल्या तळपाय पुढे-मागे करायचे, जसा शिवणयंत्राचा पायटा. जागेपणी तासातासाला. डॉक्टर हो म्हणाले की खुर्चीत बसवा, मग खाटेभोवती चार पावलं. ऑक्सिजनची नळी असली तरी चालता येतं, आम्हाला हाक मारा, आम्ही सिलिंडर घेऊन बरोबर येतो. इंजेक्शनऐवजी व्यायाम असं मात्र समजू नका.

---

उत्सुक_वाचक

शिवणयंत्राचा पायटा, हे आता विसरणार नाही.

अजून एक ऐकीव गोष्ट. पायातली गुठळी सुटली की मेंदूत जाते म्हणतात, खरं का?

---

पांढरा_कोट

सहसा नाही. पायाच्या शिरेतून निघाली की हृदयाच्या उजव्या कप्प्यात आणि तिथून थेट फुफ्फुसात जाऊन अडकते. फुफ्फुसाची चाळण ओलांडून पुढे जात नाही. हृदयाच्या पडद्याला जन्मापासून छिद्र राहिलं असेल तरच क्वचित मेंदूपर्यंत पोचते.

---

धुकं_सकाळचं

मला तीन आठवड्यांपूर्वी कोविड झाला, पाच दिवस ॲडमिट होते. घरी आल्यावर कुणीतरी सांगितलं म्हणून डी-डायमर केला, तो जास्त आला. तेव्हापासून झोप उडाली आहे. पाय ठीक, धाप नाही. घरात ॲस्पिरिन आहे, सुरू करू का?

---

पांढरा_कोट

धुकं, आधी एक करा, ॲस्पिरिन मनाने सुरू करू नका.

डी-डायमर म्हणजे गुठळी विरघळताना तिचे जे तुकडे रक्तात येतात, त्यांचं मोजमाप. पण संसर्ग, शस्त्रक्रिया, गरोदरपण, नुसतं वाढतं वय, या सगळ्यांत तो चढतो. संशय मुळात कमी असताना तो नॉर्मल आला, तर गुठळी नाही म्हणायला उपयोगी. जास्त आला म्हणून गुठळी आहे असं ठरत नाही. नुकत्याच न्यूमोनियातून उठलेल्या माणसात तो जास्त नसता तरच नवल.

ॲस्पिरिनबद्दल 'रिकव्हरी' या ब्रिटिश चाचणीत जवळपास १५ हजार दाखल कोविड रुग्ण होते. मृत्यूचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच, १७ टक्के. गुठळ्या किंचित कमी, रक्तस्राव किंचित जास्त.

घरी गेल्यावर प्रतिबंधक गोळ्या चालू ठेवाव्यात का, यावर उलटसुलट निकाल आहेत. ब्राझीलमधल्या एका चाचणीत जास्त धोक्याच्या निवडक कोविड रुग्णांना ३५ दिवस रिव्हरॉक्साबॅन दिल्यावर गुठळ्यांचे त्रास ९ टक्क्यांवरून ३ वर आले. दुसऱ्या एका चाचणीत एपिक्साबॅनचा स्पष्ट फायदा दिसला नाही. त्यामुळे ते सरसकट देत नाहीत, माणूस बघून ठरवतात. तुम्ही कागद घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि हेच विचारा.

डी-डायमरपेक्षा पायावर लक्ष ठेवा. स्वीडनच्या एका मोठ्या अभ्यासात कोविडनंतर पायातल्या गुठळीचा वाढलेला धोका तीन महिने आणि फुफ्फुसातल्या गुठळीचा सहा महिने दिसला. सुरुवातीच्या आठवड्यांत सगळ्यात जास्त, पुढे ओसरत जातो. एकच पाय सुजणं, दुखणं किंवा गरम लागणं : त्याच दिवशी दाखवा. एकाएकी धाप, श्वास घेताना छातीत कळ, थुंकीत रक्त, चक्कर येऊन पडणं : लगेच, रात्र असली तरी. आणि सुजलेला पाय चोळू नका.

---

धुकं_सकाळचं

खूप आभार. उद्याची वेळ घेतली आहे. गोळी डब्यात परत ठेवली.

---

सरळरेषा

काकूंचे जुने कागद आज काढले. त्यांना अल्सर होता, त्यामुळे इंजेक्शन दिलं नव्हतं आणि तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. आम्हाला कुणी सांगितलं नाही, पण आम्हीही विचारलं नव्हतं. माझा आधीचा सूर मागे घेतो.

---

रानवारा

सगळे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. शुश्रूषाताई, तुमचा पायट्याचा व्यायाम त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या लगेच सुरू केला.

तिथल्या डॉक्टरांनी भेटायला बोलावलं होतं. त्यांनी चूक मान्य केली. आयसीयूतून हलवतानाच्या कागदावर आता 'गुठळी प्रतिबंध : चालू / बंद, कारण' अशी एक छापील ओळ घातली आहे, ती मला दाखवली. मी घरी येऊन खूप रडले. इंजेक्शन चालू असतं तर गुठळी झालीच नसती असं कुणी खात्रीने सांगू शकत नाही, हेही त्यांनी सांगितलं आणि ते मला पटलं.

गोळ्या किमान तीन महिने आहेत, मग पुन्हा तपासून ठरवणार. दर रविवारी मी दोन्ही पोटऱ्या मोजते. गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली पेनाने खूण करून तिथेच टेप धरायची, असं डॉक्टरांनी दाखवलं. पहिल्या दिवशी डावी ४१, उजवी ३६.५ होती. आज डावी ३७.५, उजवी ३६.५. मोजायच्या आत बाबांनी स्वतःच मोजा काढून ठेवला होता.